मेंदूच्या लेखी डावी बाजूच नसते तेव्हा: स्ट्रोकनंतर सासऱ्यांना सांभाळताना

मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकली की डावा हात-पाय लुळा पडतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. खरी पंचाईत घरी आणल्यावर कळते. डोळे ठीक असतात, पण मेंदू डावीकडे लक्षच देत नाही. सासऱ्यांच्या ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपायची, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच. वर 'चटणी वाढलीच नाही' ही तक्रार. ताट फिरवून दिलं तर पोट भरतं, पण मान वळवायची सवय लागत नाही. म्हणून ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली आणि 'आधी लाल पट्टी बघा, मग घास घ्या' हे सांगत राहिलो. चाकाच्या खुर्चीचा डावा ब्रेकही हमखास उघडा राहतो. तो दुसऱ्यानेच तपासायचा. त्यात 'मला काही झालेलं नाही' म्हणत ते एकटेच उठू बघतात. हा हट्ट नाही, आजाराचाच भाग आहे. वाद घालू नये, जवळ थांबावं.

खांद्याला सगळ्यात जपावं लागतं. तो सांधा स्नायूंच्या जोरावर टिकतो. ते ढिले पडले की हाताच्याच वजनाने खाली सरकतो. असा हात ओढला किंवा काखेत हात घालून उठवलं की दुखणं मागे लागतं आणि मग माणूस व्यायामच नको म्हणतो. आम्ही कमरेच्या पट्ट्याला धरून उठवायचो. बसवल्यावर डाव्या कोपराखाली उशी. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये, पाणीसुद्धा. उलट पाण्यानेच जास्त ठसका लागतो: ते झपाट्याने उतरतं, श्वासनलिका वेळेत बंद होत नाही. घट्ट पेज बरी. सरळ बसवून भरवावं, नंतर अर्धा तास आडवं करू नये, डाव्या गालात घास अडकलाय का ते टॉर्चने पाहावं. ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना कळवावं.

रडण्याचं मात्र कोणी आधी सांगत नाही. बातम्या बघताना एकदम हुंदके, मिनिटभरात शांत. अशा वेळी विषय बदलला की भागतं. पण भूक-झोप गेली आणि दोन आठवडे कशातच रस नसला, तर ते नैराश्य. त्यावर औषध मिळतं, मागून घ्यावं.