ती सोचा, तो इसोन्झो

नदीचं नाव सोचा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "कुणी सोचा?" स्लोव्हेनियातल्या ज्युलियन आल्प्समध्ये उगम, इटलीत समुद्र, मध्ये सुमारे 138 किलोमीटर. म्हटलं, एवढी नदी चार दिवसांत मुळापासून मुखापर्यंत बघून होईल. झाली. फक्त शेवटच्या दिवसाने जीव खाल्ला.

व्हर्शिच खिंड 1611 मीटरवर, वळणं पन्नास. पहिल्या महायुद्धात हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून करून घेतला. मार्च 1916 मध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी गाडले गेले. त्यांच्या आठवणीचं लाकडी चर्च वाटेवर लागतं, पण तेव्हा मी आवळासुपारी चघळत डोळे घट्ट मिटून बसले होते. त्यामुळे पाहिलं असं म्हणवत नाही.

उगमाचा शेवटचा टप्पा कातळाला ठोकलेल्या पोलादी दोराला धरून चढावा लागतो. वर कपारीत गडद निळं, गार पाणी. देऊळ नाही, गोमुख नाही, नारळवालाही नाही. हात कुठे जोडायचे ते कळेना, म्हणून पाण्यालाच जोडले.

बोवेत्सचा दिवस राफ्टिंगच्या गर्दीत वाया गेला.

कोबारिदला जिच्या घरी उतरले ती बाई माझं इंग्रजी सुधारत होती. मी नदीला 'इट' म्हटलं की ती म्हणायची, "शी." स्लोव्हेनियन भाषेत सोचा ती. सीमा ओलांडली की तिचा इसोन्झो होतो, आणि इटालियनमध्ये तो पुल्लिंगी. आपल्याला यात नवल नाही, आपल्याकडे नदी असते तसा नदही असतोच, ब्रह्मपुत्रासारखा. पण एकाच पाण्याचं वाटेत लिंग बदलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

1915 ते 1917 या अडीच वर्षांत या खोऱ्यात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी बारा वेळा लढले. अकरा वेळा चढाई इटलीची. बाराव्या वेळी, 24 ऑक्टोबर 1917 ला, जर्मन फौजा सोबत घेऊन ऑस्ट्रियाने याच कोबारिदपाशी इटलीची फळी फोडली. गावाचं इटालियन नाव कापोरेत्तो. आजही इटलीत कुणाचा साफ धुव्वा उडाला की म्हणतात, कापोरेत्तो झालं. आपलं पानिपतच की! त्या संध्याकाळी पुलावरून खाली ते हिरवंगार पाणी बघताना फोटो काढायची इच्छाच झाली नाही.

गोरित्सियाला 1947 मध्ये सीमा अशी आखली की शहर इटलीत राहिलं आणि एक रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियात गेलं. मग तिकडच्यांनी शेजारी नवं शहरच वसवलं, नोव्हा गोरित्सा. मी तिथे फक्त जेवले.

आणि मग तो शेवटचा दिवस. खालच्या सपाटीवर नदीतलं बरंचसं पाणी कालव्यात वळवलेलं. कुठे कुठे नुसते पांढरे गोटे. इझोला देल्ला कोना या मुखाजवळच्या अभयारण्याला बस सापडेना. मोनफाल्कोनेहून टॅक्सी केली, तिचे पैसे आठवले की अजून पोटात दुखतं. जुलैचं ऊन, पनवेलला लाजवतील असे डास, दलदलीत चरणारे पांढरे कामार्ग घोडे. आणि माझी हिरवी नदी? मातकट, सुस्त, समुद्र कुठे सुरू होतो त्याचा पत्ता नाही.

पक्षी बघायच्या लाकडी खोपटात दुर्बीण घेऊन एक आजोबा बसले होते. मोडकंतोडकं इंग्रजी त्यांचंही, माझंही. उगमाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला. "इतकासा?" जन्म इथे गेला, पण गोरित्सियाच्या वर ते कधी गेलेच नव्हते. मग एकदम तापले. वरचे लोक धरणातून मनाला येईल तेव्हा पाणी सोडतात, मनाला येईल तेव्हा अडवतात, आणि खाली मासे मरतात!

मी सांगलीची. नदी, धरण आणि पलीकडचं सरकार हे भांडण मला पाठ आहे. आमचं उलटं, म्हटलं. आमच्याकडे धरण खालच्या राज्यात, आणि पूर आला की वरच्या गावांचा राग त्याच्यावर. बोटाने धुळीत कृष्णा काढून दाखवली. त्यांनी धरणाचं नाव विचारलं.

"अलमट्टी."

"आल्मात्ती," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. त्यांच्या तोंडी ते चक्क इटालियन वाटलं. मग त्यांनी थर्मासमधली कॉफी पुढे केली आणि मला आल्मात्तीचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. बाहेर टॅक्सीचं मीटर चालू होतं.