उजळ ओळ ऑक्सिजनची नसते

'एसटीएममध्ये (पृष्ठभागावरून अतिसूक्ष्म सुई फिरवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) अणू दिसतात ना, मग ऑक्साईडच्या पृष्ठभागाची रचना ठरवायला आणखी उपकरणं कशाला?' तुम्ही विचारलंत म्हणून रुटाईल या स्फटिकरूपातल्या टायटॅनियम डायऑक्साईडच्या (110) पृष्ठभागाचंच, म्हणजे ठरावीक दिशेने कापलेल्या पृष्ठभागाचंच, उदाहरण घेऊ.

नवा स्फटिक पारदर्शक आणि वीजरोधक असतो, त्यातून टनेलिंगचा, म्हणजे सुई आणि नमुना यांच्यातली फट ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, प्रवाह मिळत नाही. म्हणून अतिनिर्वात चेंबरमध्ये त्यावर साधारण 1 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आर्गॉन आयनांचा दहाएक मिनिटं मारा करायचा, मग 600 ते 700 अंश सेल्सिअसला तापवायचं. अशी बरीच आवर्तनं होतात. थोडा ऑक्सिजन उडून जातो, स्फटिक निळसर होतो आणि वीज वाहू लागतो. हाव धरून जास्त तापवलं तर तो काळपट होतो आणि हव्या त्या (1×1) ऐवजी, म्हणजे आतल्या स्फटिकासारख्याच मांडणीऐवजी, एका दिशेने दुप्पट अंतराची (1×2) रचना उगवते. तापवताना आतलं कॅल्शियमही वर येऊन बसतं, त्यामुळे एक्सपीएसने (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तंत्राने) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता चित्र. नमुन्यावर +1 ते +1.5 व्होल्ट, प्रवाह 0.1 नॅनोअँपिअरच्या आसपास. 6.5 अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अंतराने उजळ ओळी दिसतात. पुलासारखे बसलेले ऑक्सिजन अँगस्ट्रॉमभराहून अधिक वर असतात, तरी उजळ ओळी खालच्या टायटॅनियमच्या! कारण या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन नमुन्याच्या रिकाम्या पातळ्यांत शिरतात आणि त्या मुख्यतः टायटॅनियमच्या असतात. सुई उंचीइतकीच या पातळ्याही नोंदवते.

मधल्या काळ्या, म्हणजे ऑक्सिजनच्या, ओळींवरच्या उजळ ठिपक्यांनी तर फार गोंधळ घातला आहे. असा ठिपका म्हणजे ऑक्सिजनची रिकामी जागाही असू शकते किंवा हायड्रॉक्सिलही (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी). 10⁻¹⁰ मिलिबारलाही चेंबरमध्ये पाण्याची वाफ उरतेच, आणि एका रिकाम्या जागेत पाण्याचा एक रेणू फुटला की दोन हायड्रॉक्सिल तयार होतात. ओळखायचं कसं? सुमारे +3 व्होल्टवर तोच भाग स्कॅन करा. हायड्रोजन निघून जातो, रिकाम्या जागा राहतात.

पण अणू नेमका किती वर-खाली सरकला हे एसटीएम सांगत नाही. त्यासाठी विवर्तनच, म्हणजे विखुरलेल्या किरणांच्या नक्षीवरून अणूंच्या जागा काढणंच, हवं, आणि तेही सावधपणे. 1997 मध्ये क्ष-किरण विवर्तनाने पुलावरचा ऑक्सिजन न सरकलेल्या स्फटिकातल्या जागेपेक्षा 0.27 अँगस्ट्रॉम आत गेल्याचं दाखवलं होतं. टायटॅनियमच्या तुलनेत ऑक्सिजन क्ष-किरण फारच कमी विखुरतो, त्यामुळे त्याची जागा पकडणं मुळात अवघड. 2005 मध्ये मंद इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाने, म्हणजे लीडने, तोच अणू 0.10 अँगस्ट्रॉम बाहेर असल्याचं दाखवलं. 2007 मध्ये क्ष-किरणांचीच कितीतरी जास्त मोजमापं घेतली, तेव्हा उत्तर लीडशी जुळलं.