आबे पियेर यांचं नाव पाटीवरून उतरलं तेव्हा

२०२५ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या एका नावाजलेल्या संस्थेने आपल्या संस्थापकाचं नाव स्वतःच्या पाटीवरून काढून टाकलं. बेघरांसाठी आणि ओल आलेल्या, गळक्या, कोंदट घरांत दिवस काढणाऱ्यांसाठी काम करणारी ही संस्था सगळ्या देशात ‘फोंदासियों आबे पियेर’ (फोंदासियों म्हणजे प्रतिष्ठान) म्हणूनच ओळखली जायची. तिच्या मूळच्या लांबलचक नावातला ‘आबे पियेर’ एवढाच भाग गळाला. ‘वंचितांच्या निवाऱ्यासाठी’ हा उरलेला भाग तसाच राहिला.

आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल, म्हणून आधी माणूस कोण ते सांगते. मी फ्रान्समध्ये राहते. इथल्या लोकांना नक्की काय सहन करावं लागलं, ते त्याशिवाय कळणार नाही.

आबे म्हणजे पाद्री. खरं नाव आँरी ग्रुएस. १९१२ साली ल्योंमधल्या सुखवस्तू घरात जन्म. तरुणपणीच घरदार सोडून मठात गेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा अंमल असताना ज्यू माणसांना सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला पोचवायचं काम त्यांनी केलं. जनरल द गॉल यांच्या आजारी भावालाही त्यांनीच पलीकडे नेलं. ‘आबे पियेर’ हे त्या भूमिगत काळातलं टोपणनाव, तेच पुढे जन्मभर चिकटलं. युद्धानंतर खासदार झाले आणि १९४९ मध्ये पॅरिसजवळच्या नोयी-प्लेझाँसमध्ये त्यांनी ‘एमाउस’ सुरू केलं. तिथे आलेला पहिला माणूस होता जॉर्ज लगे. तुरुंगवास भोगून आलेला, जीव द्यायला निघालेला. त्याला द्यायला आबेंकडे काही नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे मदतच मागितली, घरं बांधायचं काम आहे, येतोस का? ज्याला जगाने टाकून दिलं त्याच्याच हाताला काम द्यायचं, ही एमाउसची सुरुवात.

आणि मग १९५४ चा हिवाळा. इथल्या वयस्कर माणसांच्या तोंडी तो अजून असतो. जानेवारीच्या सुरुवातीला एका जुन्या बसमध्ये राहणाऱ्या कुटुंबातलं तान्हं मूल थंडीने गेलं. आबेंनी गृहनिर्माण मंत्र्यांना उघड पत्र लिहून त्या बाळाच्या अंत्ययात्रेला बोलावलं, आणि मंत्री आले. १ फेब्रुवारीला आबेंनी रेडिओवरून हाक दिली. पहाटे तीन वाजता सेबास्तोपोल बुलवारच्या फुटपाथवर एक बाई गोठून मेली आहे, घरातून हुसकावल्याचा कागद तिच्या हातात तसाच आहे, ब्लँकेटं द्या, तंबू द्या, शेगड्या द्या. लोकांनी एवढं आणून दिलं की ते ठेवायला ओर्से स्टेशन उघडावं लागलं (आज तिथे चित्रांचं जगप्रसिद्ध संग्रहालय आहे). चार्ली चॅप्लिन यांनी वीस लाख फ्रँक दिले. १९५६ मध्ये कायदा झाला की हिवाळ्यात भाडेकरूला घराबाहेर काढता येणार नाही. तो कायदा आजही आहे, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. भाडं थकलेलं असो नाहीतर कोर्टाचा हुकूम हातात असो, त्या पाच महिन्यांत सामान रस्त्यावर येत नाही. इथे भाड्याने राहणाऱ्या मला या कायद्याचं मोल चांगलं कळतं.

वर्षानुवर्षं देशातल्या सर्वांत आवडत्या व्यक्तीच्या पाहणीत त्यांचं नाव पहिलं यायचं. शेवटी त्यांनीच सांगितलं, मला यादीतून वगळा. २००७ च्या जानेवारीत गेले तेव्हा नोत्र-दाममध्ये राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. काळी टोपी, पांढरी दाढी, हातात काठी. रस्त्यांना, शाळांना, बागांना त्यांची नावं दिली गेली.

१७ जुलै २०२४ ला एमाउसच्या दोन संघटना आणि ही फोंदासियों यांनी मिळून एक अहवाल जाहीर केला. वर्षभरापूर्वी एका बाईने एमाउसला कळवलं होतं की आबेंनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केला. संस्थांनी चौकशी बाहेरच्या एका कंपनीकडे सोपवली. सात जणींचे जबाब पुढे आले. नको तिथे हात लावणं, बळजबरीने घेतलेली चुंबनं. त्यांतली एक त्या वेळी सोळा-सतरा वर्षांची होती. सप्टेंबरमध्ये आणखी सतरा जबाब आले आणि ते जास्त भयंकर होते. एकीने सांगितलं की ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. २०२५ च्या जानेवारीत आणखी नऊ. तोवर मिळून तेहतीस जबाब, आणि घटना १९५० च्या दशकापासून २००० नंतरपर्यंत पसरलेल्या.

संस्थेत काम करणाऱ्या, स्वयंसेवक म्हणून आलेल्या, त्यांच्या ओळखीच्या घरांतल्या, मदत मागायला आलेल्या अशा सगळ्या बायका यांत आहेत. घर नाही म्हणून जी बाई त्यांच्या दारात आली ती तक्रार घेऊन जाणार कुणाकडे? सगळा देश ज्याच्या पायाशी, त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं आणि तेही त्याच्याच संस्थेच्या आवारात उभं राहून? लोक विचारतात, इतकी वर्षं गप्प का बसल्या. त्या सगळ्याच गप्प नव्हत्या. काहींनी त्याच वेळी सांगितलं होतं. पण ते ज्यांच्या कानावर पडलं त्यांनी पुढे जाऊ दिलं नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. त्याच सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या बिशपांच्या परिषदेने, मृत्यूनंतरची ठरलेली पंचाहत्तर वर्षांची मुदत संपायची वाट न पाहता, आपली जुनी कागदपत्रं अभ्यासकांना खुली केली. परिषदेच्या अध्यक्षांनी लेख लिहून मान्य केलं की १९५५ ते १९५७ या काळातच निदान काही बिशपांना आबेंचं बायकांशी असलेलं गंभीर वर्तन माहीत होतं. त्यावर केलं काय, तर मानसोपचारासाठी पाठवलं आणि लक्ष ठेवायला सोबत एक माणूस दिला. म्हणजे रेडिओवरच्या हाकेला दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच जबाबदार माणसांना कळलं होतं. त्यानंतर आबे पन्नास वर्षं जगले. त्या पन्नास वर्षांत ज्या बायकांच्या वाट्याला हे आलं, त्यांना कुणी सावध केलं नाही. सांभाळली ती फक्त आबेंची प्रतिमा. पोप फ्रान्सिस यांनाही पत्रकारांनी विमानात विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की व्हॅटिकनला हे आबेंच्या मृत्यूनंतर तरी नक्कीच माहीत होतं.

स्वतः आबेंनी २००५ साली एका पुस्तकात लिहिलं होतं की ब्रह्मचर्याचं व्रत असूनही आपण कधीकधी वासनेला वश झालो. तेव्हा लोकांनी त्याचं केवढं कौतुक केलं होतं, किती प्रांजळ माणूस म्हणून! आज ती कबुली वाचताना अंगावर काटा येतो, कारण तिच्यात समोरच्या बाईची इच्छा होती की नव्हती याविषयी अवाक्षर नाही.

आमच्या मजल्यावर एक आजी राहतात. चौपन्नच्या हिवाळ्यात त्या लहान होत्या. त्यांच्या आईने घरातल्या दोन गोधड्यांपैकी एक काढून दिली होती, हे त्यांनी मला अनेकदा सांगितलंय. पहिला अहवाल आला तेव्हा त्या म्हणाल्या, “मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. आता उकरून काय मिळणार?” सप्टेंबरनंतर मात्र त्यांनी हा विषय स्वतःहून काढला. जिन्यात थांबवून म्हणाल्या, “ती आठ वर्षांची होती गं. माझी आईसुद्धा असती ना, तर तिने गोधडी परत मागितली असती.” मी त्यांना म्हटलं, “गोधडी कुणाच्या तरी अंगावर पडली होती ना, आजी? ती काही त्यांची नव्हती.” त्यांना ते पटलं की नाही, सांगता येत नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं तरी पक्कं आहे. आबे उत्तर देऊ शकत नाहीत, पण यांतल्या कितीतरी बायका जिवंत आहेत. साठीत, सत्तरीत, काही त्याहून मोठ्या. आपलं म्हातारपण तरी या ओझ्याशिवाय जावं असं त्यांना वाटत असेल, तर त्यात उकरून काढण्यासारखं काय आहे?

एमाउसने जे केलं त्याचं मला मनापासून मोठेपण वाटतं. एका अहवालावर त्यांनी हात झटकले नाहीत. जबाब नोंदवायची सोय चालू ठेवली म्हणून तर सातांचे तेहतीस झाले. नॉर्मंडीतल्या एस्तव्हिल गावात आबे शेवटची बरीच वर्षं राहिले, तिथेच त्यांची कबर आहे. तिथलं स्मारक कायमचं बंद करायचं ठरवलं. आपल्या संस्थापकाला अर्ध्या शतकाहून जास्त काळ हे करता आलं कसं, याचा शोध घ्यायला तज्ज्ञांची स्वतंत्र समिती नेमायचं जाहीर केलं. देणग्या आटतील ही भीती त्यांना नसेल का? देणगी मागायच्या पत्रावर ज्यांचा चेहरा, त्यांच्याविषयीच हे सांगायचं होतं. अपंगांसाठीच्या ‘लार्श’ या चळवळीने २०२० मध्ये संस्थापक जाँ व्हानिए यांच्याबाबतीत असंच केलं होतं. तेही संत म्हणूनच पुजले जायचे. व्हानिए गेल्याला वर्षही झालं नव्हतं.

न्यायालयातून मात्र काही होणार नाही. बिशपांच्या परिषदेने पॅरिसच्या सरकारी वकिलांकडे दाद मागितली, पण आरोपी हयात नाही आणि माहीत असून न कळवल्याच्या गुन्ह्याची मुदत टळलेली, म्हणून चौकशी झाली नाही. तेव्हा या बायकांना मिळालं ते एवढंच, की आपलं म्हणणं खरं मानून संस्थेने ते स्वतःच्या नावाने छापलं.

आपल्याकडची गोष्ट काढल्याशिवाय राहवत नाही. थोर माणसाविषयी कुणी वावगं बोललं की आपण आधी बोलणाऱ्याची जात, पक्ष, हेतू शोधतो. कागद काय सांगतो ते वाचायची वेळच येत नाही. इथेही सुरुवातीला तेच झालं. चर्चच्या शत्रूंचा कट आहे, चौकशी करणारी कंपनी स्त्रीवादी आहे, असं सगळं बोलून झालं. फरक पडला तो आरोप घरच्यांनीच जाहीर केले म्हणून. ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होणार होतं तेच बोलले, तेव्हा बाहेरच्यांना हेतू चिकटवायला जागा उरली नाही.

आणि काम? ते चालू आहे, हे मी डोळ्यांनी बघते. इथे पहिलं घर लावलं तेव्हापासून माझं एमाउसच्या दुकानात जाणं-येणं आहे. मोठी शेड असते. लोकांनी दिलेली कपाटं, भांडी, कपडे, पुस्तकं, सायकली. मागच्या बाजूला ‘कोंपान्यों’ म्हणजे तिथेच राहून काम करणारे साथी सामान निवडत बसलेले असतात. परवा एक जण टोस्टर एकेक करून प्लगला लावून बघत होता. तार गरम होऊन लाल झाली की बाजूच्या टेबलावर ठेवायचा, नाही झाली की खोक्यात. चालणाऱ्याची वायर नीट गुंडाळून, वर रबर लावून, मार्करने किंमत लिहायची. या माणसांना राहायला खोली, जेवण आणि महिन्याला थोडे पैसे मिळतात. कुठून आलास, काय करून आलास, हे दारात विचारलं जात नाही. फ्रान्सभर अशा शंभरहून जास्त वसाहती आहेत. त्या चालतात त्या या टोस्टर तपासणाऱ्या हातांवर. आबे पियेर यांच्या चित्राची त्याला गरज नाही, आणि खरं तर कधीच नव्हती. एवढं सगळं एका माणसाच्या पुण्याईवर उभं आहे असं सगळ्यांनी मानलं, म्हणून त्या माणसाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. किंमत मोजली ती बायकांनी.

फोंदासियों दर वर्षी देशातल्या निवाऱ्याच्या परिस्थितीचा अहवाल काढते. तिसावा अहवाल नाव बदलल्यावर लगेच आला. फ्रान्ससारख्या श्रीमंत देशात साडेतीन लाख माणसं बेघर आहेत आणि बेचाळीस लाख माणसांना धड घर नाही, असं त्यात आहे. चौपन्नच्या हाकेतला प्रश्न अजून तिथेच उभा आहे. त्यासाठी पैसे द्यायला हवेत आणि मी देते.

सप्टेंबरात आपल्याकडून इथे शिकायला मुलं येतात, रिकाम्या खोलीत उतरतात. टेबल-खुर्ची कुठे मिळेल विचारतात, तेव्हा मी त्यांना एमाउसचाच पत्ता देते. शनिवारी सकाळी लवकर जा, चांगलं सामान दुपारपर्यंत संपतं. आणि ही संस्था कुणी काढली असं कुणी विचारलं, तर रेडिओवरची हाक सांगते, जॉर्ज लगे सांगते, आणि त्या बायकांच्या जबाबांचंही त्याच दमात सांगते.