नदीकाठच्या पेठांत तळमजला कोणाचा?

नदीकाठच्या पुनर्विकासाचा आराखडा समोर आला की नजर आधी रंगांवर जाते. निवासी पट्टा कुठे, व्यापारी कुठे, बाग कुठे. कसबा, शनिवार, नारायण, मंगळवार या पुण्याच्या मुठेकाठच्या पेठांसाठी हा रंगीत नकाशा फारसा कामाचा नाही. इथे एकाच अरुंद वाड्यात खाली कारखाना, मध्ये बिऱ्हाड आणि वर गच्चीत मंडळाचं सामान असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. म्हणून प्लॅन बाजूला ठेवावा आणि सेक्शन मागावा, म्हणजे नदीच्या तळापासून इमारतीच्या गच्चीपर्यंतचा उभा छेद. घर, धंदा आणि सण यांची वाटणी उंचीवर ठरते, आणि सगळा झगडा तळमजल्यासाठी असतो.

सेक्शनवर सगळ्यांत आधी पुराच्या दोन रेषा आखाव्यात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. दोन रेषांच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्यावर पेठांचं काय झालं ते पुण्याला सांगायला नको. धरण शाबूत असतानाही २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं, म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. काठाला भिंत घालून पात्र आवळलं, तर तेवढंच पाणी जायला पातळी तरी वाढते किंवा वेग तरी. पहिली मोजणी पाण्याची, एफएसआयची (भूखंडाच्या किती पट बांधता येईल त्याची) त्यानंतर.

एक अडचण आराखड्यात कधी दिसत नाही. समजा गल्लीच्या पातळीपेक्षा जोतं २ मीटर वर घ्यावं लागलं. टेम्पो चढवायचा तर १:१० उताराचा रॅम्प २० मीटर लांब होतो, आणि पेठेतल्या कित्येक भूखंडांची दर्शनी रुंदी ८ मीटरही नसते. म्हणजे नदीला अगदी लागून असलेल्या रांगेत कारखाना चालणारच नाही, माल वर चढवणंच परवडायचं नाही. कारखाने आतल्या, चढावरच्या गल्ल्यांत ठेवावेत, जिथे जोतं रस्त्यापासून एक-दोन पायऱ्यांवर राहील. नदीलगतची रांग भिंती नसलेल्या वापराला द्यावी: घाट, बाजार, तालीम, मांडव.

आता तळमजल्याचा खरा शत्रू. तो म्हणजे पार्किंग. वाडा पाडून इमारत उभी राहते तेव्हा वरच्या सदनिकांच्या गाड्यांसाठी संपूर्ण तळ स्टिल्ट, म्हणजे नुसत्या खांबांवरचा मोकळा मजला होतो. खालच्या भाडेकरू कारागिराला तेवढंच क्षेत्रफळ दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर मिळतं. कागदावर पुनर्वसन झालं, धंदा मात्र मेला. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या भारासाठी डिझाइन करतात. हलक्या यंत्रांच्या वर्कशॉपला ५००, मध्यमला ७०० आणि जड कामाला १,००० किलो धरावे लागतात. तांबटाची ऐरण टांगत्या स्लॅबवर ठेवली की प्रत्येक घाव खालच्या घराच्या छतातून ऐकू येतो. ऐरण जमिनीवरच हवी, स्वतंत्र काँक्रीटच्या ठोकळ्यावर, भोवती रबराचा सांधा सोडून. त्याशिवाय किमान ४ मीटर उंची, ३ मीटर रुंद शटर, थ्री-फेज जोडणी आणि गच्चीपर्यंत नेलेली धुराची नळी. ही नळी नंतर बसवू म्हटलं तर बसवता येत नाही, कारण ती प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधून जाते. पहिल्या ड्रॉइंगमध्येच तिच्यासाठी डक्ट, म्हणजे उभी मोकळी वाट हवी. मेट्रो स्टेशनभोवतीच्या ५०० मीटरांच्या पट्ट्यात जास्त एफएसआय मिळतो, तर तिथे पार्किंग कमी करून तळ मोकळा ठेवायला हवा. कसबा पेठेत स्टेशनच आहे.

तांबट आळीच्या नव्या इमारतीत घर घेणाऱ्याची पहिली तक्रार आवाजाची असणार. मठारकाम म्हणजे भांड्यावर सलग, जवळजवळ घाव घालत जाणं; ते शांतपणे होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाला ६५ आणि ५५, औद्योगिक भागाला ७५ आणि ७० अशी मर्यादा आहे. गल्लीवर ‘निवासी’ शिक्का बसला की तिथला सर्वांत जुना रहिवासीच नियम मोडणारा ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ साली संगीताच्या जागांसाठी याच्या उलट तत्त्व नियोजनात आणलं: जो नवा येतो, आवाज अडवण्याचा खर्च त्याचा. इथेही खर्च नव्या सदनिकेच्या बिल्डरवर असावा. गल्लीकडच्या खिडक्यांना दुहेरी काच, झोपायच्या खोल्या मागच्या बाजूला, आणि करारनाम्यात स्पष्ट कलम की खाली सकाळी ९ ते संध्याकाळी ६ ठोकाठोकीचं काम चालतं.

ढोल-ताशा पथकांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे काच पुरत नाही. समजा सरावाचा आवाज १० मीटरवर १०० डेसिबल आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. ५५ पर्यंत यायला अंतर पावणेदोन किलोमीटरच्या पुढे जातं, आणि पेठेत एवढं अंतर कुठून आणणार? म्हणून वेळ ठरवावी लागते, जागा खोलगट किंवा भिंतीच्या आडोशाची निवडावी लागते आणि पथकांना पाळ्या वाटून द्याव्या लागतात. यात आणखी एक पेच आहे. पथकांचा सराव आणि मूर्तिकारांची ऐन घाई दोन्ही येतात पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या पुराच्या दिवसांत. ‘नदीपात्र आठ महिने सांस्कृतिक वापराला, चार महिने पाण्याला’ हे वाक्य ऐकायला छान आहे, पण पुण्याच्या सांस्कृतिक वर्षाचा कळस त्या चार महिन्यांतच आहे. मूर्तीला वाळायला कोरडी, हवेशीर, लाल रेषेच्या वरचीच शेड हवी. ओल्या शाडूच्या मूर्ती धरणाचा भोंगा वाजल्यावर हलवता येत नाहीत. पथकाला दोन जागा हव्यात, एक खालची आणि पाणी सुटलं की जायची एक वरची. मंगळवार पेठेतल्या ‘जुन्या बाजारा’चं मात्र सोपं आहे. बुधवार आणि रविवारच्या त्या बाजाराला इमारत नकोच, फरसबंद मोकळी जमीन, पाणी, संडास आणि हातगाडी उतरेल असा उतार एवढं पुरे.

कल्हईच्या नवसागराचा धूर नळीतून वर जातो. तांबं धुतलेलं आम्लाचं पाणी मात्र पावसाळी गटारात सोडलं की थेट मुठेत. चार-पाच कारखान्यांना मिळून एक छोटी टाकी पुरते: चुन्याची निवळी घालून पाण्याचा पीएच साडेआठ-नऊपर्यंत आणायचा, तांबं गाळ होऊन तळाशी बसतं, वरचं पाणी मैलावाहिनीत. गाळ घातक कचरा म्हणून वेगळा द्यायचा.

‘इतके टक्के जागा कारागिरांना’ अशा टक्केवारीच्या नियमात फसगत कुठे होते ते मुंबईच्या गिरण्यांनी दाखवलंय. १९९१ च्या नियमावलीत जमिनीचे तीन वाटे होते: एक मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीला लागू केली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती दुरुस्ती टिकली. टक्के तेच राहिले, बदललं ते कशाचे टक्के हे. पेठांसाठी नियम लिहिताना ‘एकूण बांधीव क्षेत्राच्या’ हे शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. कॅनडात व्हँकूव्हरच्या ग्रॅनव्हिल बेटावर १९७९ ला सार्वजनिक मंडई उघडली, भोवती कलाकारांचे स्टुडिओ आले, तरी १९१७ पासूनचा काँक्रीटचा कारखाना तिथेच चालू राहिला. ते जमलं, कारण जमीन सरकारकडेच राहिली आणि गाळे विकले नाहीत, भाड्याने दिले.

पुण्यात जमीन खासगी आहे, म्हणून निदान तळमजल्याची मालकी वेगळी काढावी. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालच्या घोषणापत्रातच तळाचे गाळे स्वतंत्र युनिट म्हणून दाखवावेत, वापर ‘हस्तोद्योग’ असा नोंदवावा आणि तो बदलायला महापालिकेची परवानगी लागेल अशी अट घालावी. जास्तीच्या एफएसआयच्या बदल्यात त्यातले काही गाळे पालिकेच्या नावे व्हावेत आणि लांब मुदतीच्या भाड्याने कारागिरांना मिळावेत. काम चालू असताना कारागिराला त्याच पेठेत तात्पुरती शेड हवी. दोन वर्षं लांब गेला की गिऱ्हाईक तुटतं आणि हाताखालची पोरं दुसऱ्या कामाला लागतात. आणि क्रम चुकता कामा नये: थ्री-फेज मीटर लागलेला, धुराची नळी जोडलेला गाळा कारागिराच्या ताब्यात गेल्याची पावती फाइलला लागल्याशिवाय वरच्या एकाही सदनिकेला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.