वणव्याच्या धोक्याचा नकाशा करताना : कात्री, वजनकाटा आणि उपग्रह

उपग्रहाच्या चित्रातून झाडाझुडपांचा ओलावा काढायचा, तर आधी तोच ओलावा जमिनीवर तोलून घ्यावा लागतो. माझ्या अनुभवात निम्मं काम तिथेच बिघडतं.

नमुने दुपारी बारा ते चारच्या दरम्यान घ्यायचे. तोवर दव उडालेलं असतं आणि पानांतला ओलावा दिवसातल्या नीचांकाजवळ असतो. पाऊस होऊन गेला असेल तर त्या दिवशी जायचंच नाही, कारण पानावरचं पाणीही पानातलं म्हणून मोजलं जातं. पानं आणि 3 मिलिमीटरपेक्षा बारीक डहाळ्या घ्यायच्या. फुलं, फळं, वाळक्या काड्या काढून टाकायच्या. एकाच जातीच्या पाच-सहा झाडांवरून थोडं थोडं कापून लगेच हवाबंद डब्यात भरायचं, झाकणाच्या सांध्यावर चिकटपट्टी लावायची आणि डबे सावलीत ठेवायचे. प्लास्टिकची पिशवी मी टाळतो. आतून थेंब धरतात आणि तेवढं पाणी वजनातून निसटतं.

मग ओव्हन, 105 अंशांवर 24 तास. निलगिरीसारखी तेलकट पानं असतील तर या तापमानाला तेलही उडतं आणि ओलावा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. तिथे कमी तापमानावर जास्त वेळ सुकवणं बरं. सुकत आलेल्या डब्यांशेजारी मध्येच ओला डबा सरकवू नये, सुकी पानं ती वाफ परत ओढून घेतात. बाहेर काढल्यावर झाकण लावूनच थंड होऊ द्यायचं.

हिशोब साधा, पण चुकतो हमखास. समजा डबा 42.30 ग्रॅमचा, ओल्या पाल्यासकट 98.70, सुकल्यावर 76.80. पाणी 21.90 ग्रॅम, सुका पाला 34.50 ग्रॅम. भागायचं सुक्या वजनाने, म्हणजे ओलावा 63.5 टक्के. ओल्या वजनाने भागलं तर 38.8 येतो, आणि डब्याचं वजन वजा करायचं विसरलं तर 28.5. तिन्ही आकडे खरे वाटतात, हीच पंचाईत. कोवळ्या पालवीचा ओलावा 200 टक्क्यांच्या वर गेला म्हणून दचकू नये. सुक्या वजनाने भागल्यावर तसंच होतं.

उपग्रहासाठी आम्ही सेंटिनेल-2 हा युरोपचा वापरतो. त्यातले डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे दोन पट्टे घ्यायचे: निअर इन्फ्रारेडचा बी-8ए आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा बी-11, दोन्हींचा एक पिक्सेल 20 मीटरचा. पानातलं पाणी बी-11 मधला प्रकाश शोषतं, म्हणून दोन्हींच्या फरकाला बेरजेने भागून निर्देशांक काढायचा. नमुन्याची जागा निदान 60 बाय 60 मीटर एकसारखी हवी, म्हणजे तीन बाय तीन पिक्सेलची सरासरी घेता येते. ढगांबरोबर ढगांच्या सावल्याही गाळायच्या, त्या जास्त फसवतात.

इथे एक खड्डा आहे. 25 जानेवारी 2022 पासूनच्या चित्रांत प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात 1000 मिळवलेले असतात. ते वजा न करता जुनी-नवी चित्रं एका रांगेत लावली, तर फरक तोच राहतो आणि बेरीज फुगते. परावर्तन, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला परत फेकलेला वाटा, 0.30 आणि 0.15 असेल (चित्रात ते 10000 ने गुणून 3000 आणि 1500 असं लिहिलेलं असतं) तर निर्देशांक 0.33 यायला हवा. वजाबाकी राहिली तर 0.23 येतो. नकाशावर सगळं जंगल एका रात्रीत सुकल्यासारखं दिसतं. उपग्रहचित्रं ऑनलाइन हाताळायच्या गूगल अर्थ इंजिनमध्ये 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच घेतला की ही कटकट मिटते.

खरी अडचण मात्र भागाकाराच्या खालच्या आकड्यात आहे. ओलावा म्हणजे पाणी भागिले सुकं वजन, आणि उपग्रहाला प्रामुख्याने पाणीच दिसतं. सूचिपर्णी झाडांत वसंतात नवी पालवी फुटण्याआधी जुन्या सुयांत पिष्ट साठत जातं. 60 ग्रॅम पाण्यामागे सुकं वजन 50 चं 60 झालं, की ओलावा 120 वरून 100 टक्क्यांवर उतरतो. पाणी थेंबभरही घटलेलं नसतं. झाड जास्त जळाऊ होतं आणि निर्देशांक जवळपास हलत नाही. त्यामुळे निर्देशांकावरून ओलावा काढणारं एकच समीकरण, म्हणजे मॉडेल, मी सगळ्या वनस्पतींना मिळून लावत नाही. गवत, झुडपं, जंगल वेगळी करायची आणि वर्षातला दिवस हाही एक चल म्हणून मॉडेलला द्यायचा. विरळ झुडपांत मधली माती निर्देशांक खाली ओढते, घनदाट जंगलात तो एका मर्यादेनंतर वाढायचाच थांबतो. हे दोन्ही नकाशावर वेगळ्या छटेने दाखवावं.

मॉडेल रँडम फॉरेस्टचं (अनेक निर्णयवृक्षांची सरासरी घेणारी संगणकी पद्धत) असो की आणखी कसलं, तपासणी जागेनुसार वेगळी काढलेल्या नमुन्यांवरच करा. एकाच जागेचे नमुने शिकवण्यात आणि तपासणीत दोन्हीकडे पडले, तर अचूकता उगाच छान दिसते.

ओलाव्यावरून जळाऊपणाकडे जाताना तयार आकडे उचलू नयेत. लॉस एंजेलिस परिसरातल्या चॅपरल नावाच्या दाट, कोरड्या झुडपांसाठी 2009 च्या एका अभ्यासात 79 टक्क्यांचा उंबरठा निघाला, ओलावा त्याखाली गेला की मोठ्या आगींचा धोका वाढतो, पण तो त्या झुडपांचा. शिवाय आग धरतो तो बहुधा खाली पडलेला पाचोळा. 6 मिलिमीटरहून बारीक मेलेल्या इंधनाचा ओलावा तासाभरात हवेप्रमाणे बदलतो, त्यामुळे नकाशातला त्याचा थर हवेच्या तापमान आणि आर्द्रतेवरून रोज नवा काढावा लागतो. जळून गेलेला पट्टा, खडक आणि कापणी झालेली शेतं आधीच झाकून टाका. तिथे ओलावा सर्वांत कमी दिसतो आणि जळायला काहीच नसतं.

शेवटी व्हिआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाने टिपलेल्या आगीच्या ठिपक्यांशी ताळा घेताना ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा समजू नका. तो 375 मीटरच्या पिक्सेलचा मध्य असतो. तेवढ्या चौकोनातले सगळे पिक्सेल धरा, आणि आगीच्या आधीचं शेवटचं निरभ्र चित्रच घ्या. नंतरचं घेतलं तर राखेचाच ओलावा मोजला जातो.