लहान गाडीने घाट चढताना

पहाटे पाचला निघालो तेव्हा गाडीत आम्ही चौघं होतो. पुढे मी आणि बायको, मागे आई आणि मुलगा. दोन बॅगा डिकीत गेल्या, तिसरी मुलाच्या पायाशी. गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, सात वर्षं वापरलेली.

आदल्या संध्याकाळी आठवणीने हवा भरून घेतली होती. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बहुधा दोन आकडे असतात, एक रोजच्यासाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही. साडेआठशे किलोच्या गाडीत चार माणसं आणि सामान म्हणजे तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाची भर. एवढ्याने हिचा स्वभावच बदलतो. ब्रेक उशिरा लागतात, पिकअप मंदावतो.

सपाट रस्त्यावर ऐंशीला ती खूश असते. शंभरच्या पुढे वाऱ्याचा आणि टायरचा आवाज आत येतो, शेजारून मोठा ट्रक गेला की स्टिअरिंग हाताला ओढ देतं. मी ऐंशीवरच राहिलो.

टोलनाक्यावर थांबलो तशी आई म्हणाली, "अरे, ही थरथरते का?" थरथरणारच. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत तीनच स्फोट होतात, म्हणजे दर २४० अंशांनी एक. स्फोटाचा रेटा असतो १८० अंशांपुरताच. मधल्या खंडात इंजिन क्षणभर नुसत्या फिरत्या वजनावर चालतं, आणि आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, तेच सीटमध्ये जाणवतं. चाल घेतली की थरथर नाहीशी होते. मला तर तिची सवय इतकी की ती नसली तर गाडी बंद पडली असं वाटेल.

घाट लागला आणि एसी बंद केला. काचा खाली. लहान इंजिनाला कंप्रेसरचं ओझं चढावर लगेच कळतं. इथून पुढे सगळा खेळ वेग टिकवण्याचा. वळण दिसण्याआधी गियर खाली घ्यायचा, वळणात दुसऱ्यावर, बाहेर पडताना अॅक्सिलरेटर हळूहळू दाबत न्यायचा. तिसऱ्यावर हट्टाने ओढलं की इंजिन धापा टाकतं. वर हवाही विरळ होत जाते; टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारं यंत्र, नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्क्याने घटते. पण या चढणीत गाडी काय मागते आहे ते पायाला, कानाला सतत कळत होतं. शक्तिशाली गाडीत मी घाट नुसता पार करतो, इथे मी तो चढलो.

एका तीव्र वळणावर पुढचा ट्रक थांबला आणि मलाही थांबावं लागलं. हँडब्रेक ओढला, इंजिनाचा सूर बदलेपर्यंत क्लच सोडला, मग हँडब्रेक खाली. गाडी एक इंचही मागे गेली नाही. क्लचचा किंचित जळका वास आला तेवढाच.

माथ्यावर उतरून बॉनेटवर हात ठेवला, मुलगा मागच्या सीटवर आडवा झोपला होता. सव्वातीन-साडेतीन मीटरच्या गाडीत माणसं मावतात ती मिनी ही छोटी ब्रिटिश गाडी रचणाऱ्या अॅलेक इसिगोनिस यांच्यासारख्यांच्या कृपेने. १९५९ च्या मिनीत त्यांनी इंजिन आडवं बसवलं, चाकं दहा इंचांची घेतली आणि तीन मीटरच्या गाडीत चौघांना जागा केली. आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद ही मांडणी आज बहुतेक लहान गाड्यांत दिसते. हे आठवलं की मला खरंच कृतज्ञ वाटतं.

उतारावर ज्या गियरने चढलो त्याच गियरने उतरलो. मागचे ब्रेक ड्रमचे. सतत दाबले तर तापून पकड सोडतात.

गावातली शेवटची गल्ली अरुंद निघाली. आमच्या पुढची उंच, रुंद गाडी तोंडाशीच थांबली आणि तिच्यातली माणसं बॅगा उचलून चालू लागली. मी आरसे दुमडले, पहिल्यावर सावकाश आत घेतली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. गुडघे दुखणाऱ्या आईने दार उघडलं तेव्हा घराची पायरी तिच्या पावलाखाली होती.