‘प्रोग्राम’ पुन्हा उगवला, पण या वेळी लिहिणारा हात सापडला

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप टॅबमधली (मशीनसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्राम्सची यादी) ती बिनआयकॉनची, बिनपब्लिशरची ‘प्रोग्राम’ नावाची नोंद रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) रन की मधून, म्हणजे ही यादी जिथून येते तिथून, उडवली, विषय संपला. कसला संपतोय! दुसऱ्याच रीस्टार्टला बाईसाहेब हजर. इम्पॅक्ट (सुरू होताना पडणारा भार) ‘नॉट मेझर्ड’.

तिचं नाव असं का, हे आपल्याला माहीतच आहे. पाथमध्ये (फाइलच्या पत्त्यात) स्पेस आणि भोवती अवतरणचिन्हं नाहीत, की ‘सी:\प्रोग्राम फाइल्स’ पहिल्या स्पेसपाशी तुटतं आणि ‘प्रोग्राम’ एवढंच उरतं. टास्क मॅनेजरमध्ये कमांड लाइनचा कॉलम चालू केला की उरलेली शेपटीही दिसते. ती एका साउंड इक्वलायझरकडे बोट दाखवत होती, आणि तो मी कधीच काढून टाकलाय. ऑटोरन्समध्येही (आपोआप सुरू होणारं सगळं दाखवणारं टूल) ओळ पिवळी, म्हणजे फाइल जागेवर नाही. मग मेलेल्या प्रोग्रामची नोंद लिहितंय कोण?

नुसती डिसेबल करून सोडता आली असती, पण तो कचरा सतरंजीखाली सारण्याचा प्रकार. मी त्याहून मोठा शहाणपणा केला: रन की वर लिहिण्याची परवानगीच काढून घेतली. नोंद आली नाही, हे खरं. पण बाकीच्या दोन प्रोग्राम्सच्या ‘सुरुवातीला चालू करा’च्या टिकाही बसेनात. अर्ध्या तासात परवानगी परत दिली. हे कुणी करू नका.

शेवटी प्रोसेस मॉनिटर (कोणता प्रोग्राम कुठे काय लिहितो ते टिपणारं टूल) काढला आणि बूट लॉगिंग, म्हणजे मशीन सुरू होतानाचंही टिपण, चालू केलं. पहिल्या खेपेला लॉगच नाही. डोकं खाजवत बसलो, मग ट्यूब पेटली: मी शटडाउन करून परत चालू केलं होतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तो खरा बूट नसतोच, कर्नल (विंडोजचा गाभा) झोपेतून उठतो. रीस्टार्टच हवा. दुसऱ्या खेपेला काही जीबींचा लॉग मिळाला. फिल्टर लावला, रेगसेटव्हॅल्यू (रजिस्ट्रीत लिहिणं) आणि पाथमध्ये करंटव्हर्जन\रन, आणि उरल्या तीन ओळी. त्यातली एक रेग डॉट ईएक्सईची, म्हणजे रजिस्ट्रीत लिहिणाऱ्या कमांडची! प्रोसेस ट्री उघडलं तर तिला सुरू करणारा सीएमडी (काळ्या खिडकीतला कमांड प्रॉम्प्ट) आणि त्याला सुरू करणारा एसव्हीसीहोस्ट, टास्क शेड्युलरवाला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा.

लॉगिनला अर्धा सेकंद चमकून जाणारी काळी खिडकी आठवतेय? मागे मी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या माथी मारली होती ती? ती हीच. ड्रायव्हरची माफी.

टास्क शेड्युलरमध्ये ‘हिडन टास्क दाखवा’ वर टिक केल्यावर टास्क दिसलं, प्रोग्रामडेटामधली एक बॅच फाइल (कमांड्स लिहिलेली साधी फाइल) चालवणारं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि मनापासून हसलो. एकच ओळ: रेग ॲड, स्लॅश डी (काय लिहायचं ते), पुढे अवतरणचिन्हांत पाथ, शेवटी स्लॅश एफ (न विचारता लिही). लिहिणाऱ्याला वाटलं असणार, चिन्हं दिली की झालं. पण ती बाहेरची चिन्हं कमांड वाचतानाच गळतात. रजिस्ट्रीत पोचवायची तर आत बॅकस्लॅश लावून आणखी एक जोडी द्यावी लागते. अनइन्स्टॉलरने प्रोग्राम नेला, टास्क आणि ही फाइल मात्र आठवण म्हणून ठेवली. असे अनइन्स्टॉलर लिहिणाऱ्यांना स्वतःच्याच मशीनवर महिनाभर राहायला लावलं पाहिजे.

ऑटोरन्सचा दोष नाही, बरं का. त्यात शेड्यूल्ड टास्क्सचा टॅब आहे; मीच लॉगॉनच्या टॅबमध्ये घुटमळत राहिलो.

आता टास्क आणि फाइल दोन्ही उडवणार होतो, पण सध्या टास्क फक्त डिसेबल केलंय आणि नोंद काढलीय. तीन रीस्टार्ट झाले, टॅब स्वच्छ, काळी खिडकीही गायब. फाइल मुद्दाम ठेवलीय. लिहिता लिहिता सुचलं की व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशीनच्या आतलं खोटं मशीन) हीच बिनचिन्हांची नोंद घालायची, सी च्या मुळात ‘प्रोग्राम डॉट ईएक्सई’ नावाने नोटपॅडची प्रत टाकायची आणि लॉगिनला तुटलेल्या पाथमुळे तीच उघडते का ते बघायचं. सर्व्हिसेसचा (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्राम्सचा) आढावा घेणार होतो, तो आता त्यानंतर.